रोम ब्युटी सफरचंद, बेळगाव: खुंटापासून दुसऱ्या बहारापर्यंतच्या नोंदी

९ जानेवारी २०२२

खुंट आले, म्हणजे ज्यांवर कलम बांधायचे ती रोपे. एमएम १११ जातीचे, उघड्या मुळांचे, ४५ नग, हिमाचलहून ओल्या शेवाळात बांधून. पाच खुंटांची मुळे वाटेत वाळली होती, नखाने खरवडल्यावर आत तपकिरी निघाली. ती बाजूला टाकली. उरलेले ४० रात्रभर न भिजवता फक्त पाच तास पाण्यात ठेवले. जास्त वेळ बुडवले की बारीक मुळ्या गुदमरतात.

एमएम १११ घेण्याचे कारण आधी लिहून ठेवतो, नंतर कुणीतरी विचारणारच. एम ९ हा खुंट बुटका, लवकर फळणारा, पण मुळे उथळ आणि ठिसूळ. एप्रिलच्या उन्हात आपल्या तांबड्या मातीत तो तग धरणार नाही, शिवाय लोकरी मावा ही कीड त्याच्या मुळांवर बसते. एमएम १०६ ला पाणथळ जागी बुंधा कुजण्याची खोड आहे, आणि इकडचा जुलै सगळ्यांना ठाऊक आहे. एमएम १११ मध्ये नॉर्दर्न स्पाय या जुन्या जातीचे रक्त आहे. त्यामुळे लोकरी माव्याला दाद देत नाही आणि पाण्याचा ताणही सोसतो. झाड मोठे होते, फळ एखादे वर्ष उशिरा येते. ते चालेल.

१० जानेवारी २०२२

जीभ कलमे बांधली. कलमकाड्या दक्षिण कर्नाटकातल्या एका जुन्या झाडाच्या. झाड ‘रोम’ म्हणून ओळखले जाते, पण फळ हातात येईपर्यंत लेबलवर नाव पेन्सिलीनेच.

थंड प्रदेशात काडी हिवाळ्यात झोपेत असते, ती कापून वापरतात. आपल्याकडच्या झाडाला तशी हिवाळी झोप नसते, म्हणून आंब्याच्या काडीसारखेच करावे लागले: निवडलेल्या फांद्यांची पाने दहा दिवस आधी देठ ठेवून कापली, देठ गळून डोळे फुगू लागले की काडी तोडली. डोळा फुगलेला हवा, फुटलेला नको. काड्या ओल्या वर्तमानपत्रात, वर प्लास्टिक, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. त्याच फ्रिजमध्ये केळी किंवा पिकलेली फळे ठेवायची नाहीत, त्यांच्यातून सुटणारा इथिलीन वायू डोळे मारतो.

खुंट पेन्सिलीएवढा जाड, ८ ते १० मिमी. तिरका काप ३ सेंमी, त्यात जीभ १ सेंमी. काडीवर तीन डोळे. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर मधोमध बसवू नये, एका बाजूची साल सालीला भिडवावी. जोड मुळांपासून २० सेंमी वर. पट्टी घट्ट, काडीच्या टोकाला मेण. १२ × १५ इंची पिशव्यांत भरली, शेडनेटखाली ठेवली.

२४ फेब्रुवारी २०२२

४० पैकी ३१ लागली. नऊ गेली त्यांतल्या पाचांचे डोळे बांधतानाच हिरवे झाले होते. जोड जुळण्याआधीच पाने निघाली आणि काडीतला साठा संपला. बाकी चारांत पट्टी ढिली होती. खुंटाचे फुटवे दर आठवड्याला नखाने खुडतोय.

२ जुलै २०२२

आर्द्रात लावण केली. मुख्य तुकडा बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, तांबडी माती, उतार, समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर. इथे २४ झाडे. तुलनेसाठी चिकोडीकडे काळ्या मातीत ६. एक शिल्लक, पिशवीतच.

अंतर ४ × ४ मीटर. खड्डा ६० सेंमी लांब-रुंद-खोल. भरताना वरची माती, १५ किलो पूर्ण कुजलेले शेणखत, १ किलो निंबोळी पेंड, अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट. शेणखत अर्धकच्चे असेल तर तांबड्या मातीत उधईला आमंत्रणच. उसाचे पाचट आच्छादनाला उत्तम, पण बुंध्यापासून वीतभर लांब, तेही याच कारणाने.

कलमाचा जोड जमिनीपासून किमान १५ सेंमी वर राहिला पाहिजे. भरलेली माती पावसात खाली बसते आणि झाडही तिच्याबरोबर बसते, म्हणून खड्ड्यावर १० सेंमी उंचवटा करून मग लावले. चिकोडीच्या तुकड्यात हा उंचवटा कमी पडलाय असे आजच दिसते आहे. काळी माती भरली तेव्हा कोरडी होती.

२० नोव्हेंबर २०२२

फांद्या वाकवल्या. सुतळी आणि खुंट्या, जमिनीशी साधारण ६० अंश सोडून. उभ्या फांदीत सगळा जोर शेंड्याकडे जातो आणि खालचे डोळे मुके राहतात. सुतळी सालीवर थेट बांधायची नाही, मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा.

१८ फेब्रुवारी २०२३

या वर्षी मुद्दाम काहीच केले नाही, झाड स्वतः काय करते ते पाहायचे होते. जुनी पाने जानेवारी संपेपर्यंत झाडावरच, काळवंडलेली. मग शेंड्याला पालवीचा एक झुबका, आणि त्याखाली हातभर फांदी उघडीबोडकी. डोळे आहेत, फुटत नाहीत. फूल एकही नाही.

कारण उघड आहे. सफरचंदाचे डोळे फुटायला लागणारी थंडी मोजतात ती सुमारे ७ अंशांखालच्या तासांत. तुकड्यातला थर्मामीटर संपूर्ण हिवाळ्यात ११ च्या खाली उतरला नाही, म्हणजे आपल्या खात्यात शून्य तास. डोळा एकदा गाढ झोपला की त्याला उठवायला इथे काही नाही.

मग झोपूच द्यायचे नाही. इंडोनेशियात पूर्व जावामधल्या बातू परिसरात विषुववृत्तापासून आठ अंशांवर हीच जुनी रोम ब्युटी दोन-तीन पिढ्या पिकते आहे, तीही वर्षाला दोनदा. तोडणीनंतर महिनाभराने ते हाताने सगळी पाने काढतात आणि फांद्या वाकवतात. पान झाडावर असते तोवर डोळ्याला दाबून धरते. डोळा गाढ झोपेत जाण्याआधीच पान काढले, तर तो लगेच फुटतो. डाळिंबाचा बहार धरणाऱ्याला हे नवे नाही. फरक इतकाच की तिथे पाण्याचा ताण देऊन पाने गाळतात, इथे ताण न देता पाने काढायची.

जातीच्या वर्णनात रोम उशिरा फुलणारी म्हणून लिहिलेली असते, ते वाचून इकडचे लोक तिला बाद करतात आणि कमी थंडीत फळणारी ॲना किंवा हिमाचलच्या बिलासपूरचे हरिमन शर्मा यांची एचआरएमएन ९९ घेतात. त्या जाती सोप्या आहेत यात वाद नाही. पण उशिरा फुलणे हे झोपेतून उठणाऱ्या झाडाचे वर्णन झाले, झोपूच न दिलेल्या झाडाचे नव्हे.

१४ ऑक्टोबर २०२३

बिघडले. बेळगावच्या तुकड्यात सात झाडे आज फुलावर आहेत, चित्राच्या पावसात. पाकळ्या चिकटून कुजताहेत, मधमाशी नाही, एकही फळ धरणार नाही.

मूळ ऑगस्टमध्ये आहे. पानांवर गडद तपकिरी-हिरवे गोल डाग, मग पान पिवळे, मग गळ. हा मार्सोनिना करपा. २० ते २५ अंश तापमान आणि सतत ओले पान त्याला पुरते, आणि आपल्या पावसाळ्यात दोन्ही फुकट मिळतात. सप्टेंबरअखेर या सात झाडांची निम्म्याहून जास्त पाने गेली. म्हणजे डिसेंबरात जे काम आम्ही कात्रीने करणार होतो, ते बुरशीने दोन महिने आधी करून टाकले. त्या फांद्यांचे टोकाचे डोळे खर्ची पडले, यंदा त्यांना बहार नाही.

पुढच्या वर्षासाठी ठरले: मिरग लागला की पहिली फवारणी, मग दर १५ दिवसांनी उघडीप पाहून, मॅन्कोझेब २.५ ग्रॅम प्रति लिटर, चिकटद्रव्यासह. पानाच्या खालच्या बाजूलाही. गळलेली पाने गोळा करून शेताबाहेर. पावसाळ्यात फळ नसते म्हणून फवारणी सोडायची नाही. पावसाळ्यातले पान हेच पुढचे फळ.

४ डिसेंबर २०२३

पहिली पानकाढणी. १७ झाडे. दोन झाडे तशीच ठेवली, तुलनेसाठी. तीन झाडांवर औषधाने पाने गाळून पाहिली: युरिया ५ टक्के आणि इथेफॉन. उरलेल्या बाराची हाताने.

हाताने म्हणजे ओरबाडून नव्हे. पान शेंड्याच्या दिशेने ओढले तर काखेतला डोळा मोडतो, बुंध्याकडे ओढले तर सालीची पट्टी निघते. देठाचा अर्धा सेंमी ठेवून पाते कात्रीने कापायचे, देठ आठ-दहा दिवसांत आपोआप गळतो. एका झाडाला एका माणसाचा पाऊण तास. काम करणाऱ्या बायकांना सुरुवातीला हे पटत नव्हते, ‘सेबूला (सफरचंदाला) पालाच ठेवला नाही तर ते जगणार कसे?’

छाटणीबद्दल, आणि हे ठळक लिहिण्यासारखे आहे. रोम टोकाला फळते. गेल्या हंगामातल्या सडपातळ, लवचिक फांदीच्या शेवटच्या डोळ्यात फूल असते. द्राक्ष आणि पेरूची सवय असलेला हात प्रत्येक फांदीचा शेंडा उडवतो, आणि त्याबरोबर पीकही. शेंडे मारायचे नाहीत. गर्दी झाली तर पूर्ण फांदी मुळापासून काढायची, उरलेली टोकासह ठेवायची. फळाच्या वजनाने ती लवते आणि लवली की मागचे डोळे जागे होतात. झाडाचा रडवेल्या विलोसारखा आकार हा दोष नव्हे, ती या जातीची चाल आहे.

पानकाढणीनंतर त्याच दिवशी बुरशीसाठी १ टक्का बोर्डो मिश्रण: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर. लोखंडी विळा बुडवून पाहिला, तांबूस थर चढला, आणखी चुना घातला. पाणी बंद केले नाही, उलट वाढवले.

२ जानेवारी २०२४

हाताने पाने काढलेल्या बारांपैकी अकरा फुलांवर. १९ डिसेंबरला डोळ्यांचे टोक हिरवे, २८ ला गुलाबी कळी, आज जवळपास पूर्ण फुलोरा. औषधाच्या तीन झाडांवर पाने गळाली, पण शेंड्याची कोवळी साल करपली. म्हणजे जिथे फूल तिथेच इजा. दुसऱ्या जातीत हे चालून गेले असते, टोकाला फळणाऱ्या रोममध्ये नाही. औषध बंद.

न छेडलेली दोन झाडे अजून जुनी पाने घेऊन उभी.

रोमला स्वतःच्या परागावर थोडेफार फळ धरते, पण पूर्ण भरवसा नको. शेजारच्या ॲनाच्या चार झाडांची पाने सहा दिवस उशिरा काढली होती, कारण ॲना लवकर फुटते. दोन्ही एकाच आठवड्यात उघडली. सातेरी माश्यांच्या दोन पेट्या काल रात्री ठेवल्या. फुले १० टक्के उघडण्याआधी पेटी आणली तर माश्या दुसऱ्याच फुलोऱ्याची वाट धरतात.

३ फेब्रुवारी २०२४

विरळणी. फळे गोटीएवढी, १५ ते १८ मिमी. झुबक्यात पाच-पाच. मधले दांडगे फळ ठेवून बाकी कात्रीने. दोन फळांत वीतभर अंतर. पिशवीतून बाहेर पडून दीड वर्ष झालेल्या झाडावर १५ फळांच्या वर ठेवायची नाहीत. रोम लहानपणीच भरपूर फळते आणि तिथेच खुरटते.

भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, दिसली. ही जात भुरीला हळवी, ते अपेक्षितच. पाण्यात विरघळणारे गंधक २ ग्रॅम प्रति लिटर, सकाळी. मार्चमध्ये दुपार ३२ च्या वर गेली की गंधक बंद, पाने आणि फळे भाजतात. फुले गळल्यापासून बोर्डोही बंद: तांब्याने सालीवर खरबरीत तपकिरी चट्टे येतात, आणि गुळगुळीत साल ही या जातीची ओळख आहे.

१२ एप्रिल २०२४

पाण्याचा हिशोब. छत्रीचा व्यास दोन मीटर धरला तर क्षेत्र सुमारे ३ चौरस मीटर. एप्रिलमध्ये दिवसाला ६ मिमी बाष्पीभवन, त्याचे ८० टक्के. म्हणजे झाडाला १४ ते १५ लिटर रोज. ४ लिटरचे दोन ड्रिपर, दोन तास. एक दिवसाआड ३० लिटर दिले तर फळात चढउतार होतो आणि सालीखाली कडू डाग येतात. कॅल्शियम क्लोराइड ३ ग्रॅम प्रति लिटर, संध्याकाळी, तीन वेळा.

नैऋत्येकडच्या फळांवर उन्हाचे पांढरट चट्टे. तपकिरी कागदी पिशव्या घातल्या. पिशवी फळमाशीलाही अडवते, वर मिथाइल युजेनॉलचे सापळे चार.

१५ मे २०२४

पहिली तोडणी. पूर्ण फुलोऱ्यापासून १३२ दिवस. रंगावर तोडायचे नाही हे आधीच ठरले होते, गरम रात्रीत लाल रंग पुरता चढत नाही. आयोडीनने पाहिले: पोटॅशियम आयोडाइड १० ग्रॅम, आयोडीन २.५ ग्रॅम, पाणी १ लिटर. फळ आडवे कापून बुडवायचे. काळा भाग म्हणजे पिष्ट. गाभ्याभोवती पांढरे झाले आणि बाहेर काळे कडे उरले की तोडणी. ब्रिक्स, म्हणजे रसातली गोडी, उसाच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १२. त्याची पट्टी ३२ पर्यंत असते, काम भागते.

आता जातीची शहानिशा. आकार गोल, किंचित निमुळता. देठ लांब आणि सडपातळ. देठाची खोबण गुळगुळीत आणि हिरवी. हीच मोठी खूण, बऱ्याच जातींत तिथे तपकिरी खरबरी असते. साल जाड, चिवट. पिवळट-हिरव्यावर लाल रेषा आणि ठिपके. सबंध लाल असते तर नंतर निवडलेल्या लाल रोमपैकी एखादी म्हणावी लागली असती. गर पांढरा, हिरवट झाक, जाडसर कणांचा, रसदार, सौम्य आंबटगोड. लेबलांवर आता शाईने लिहिले.

चव स्पष्ट लिहायची तर कच्चे खायला मध्यम. काश्मिरी डेलिशियसशी बरोबरी करू नये. शिजवताना मात्र हिची किंमत कळते: फोडी बारा मिनिटे वाफवल्या, कडा शाबूत. मुरांब्याला यापेक्षा चांगले फळ नाही. बाहेर ठेवलेली फळे नवव्या दिवशी पिठाळ झाली, फ्रिजमधली महिना उलटला तरी कडक.

या जातीची जन्मकथा अशी की ओहायो नदीकाठच्या रोम टाउनशिपमध्ये, १८१७ च्या सुमारास आणलेल्या कलमांतल्या एका झाडाला जोडाच्या खालून फुटवा आला, आणि त्याला लागलेली लाल फळे म्हणजे ही रोम ब्युटी. आम्ही दर आठवड्याला खुडून टाकतो, तसलाच एक फुटवा.

२२ ऑगस्ट २०२४

चिकोडीच्या सहांपैकी चार झाडे मेली, पाचवे मरणार. पाने आधी जांभळट, मग सबंध झाड निस्तेज. बुंध्याची साल सोलली, आत नारिंगी-तपकिरी, ओली, आंबट वास. कूज जोडाच्या वर, रोमच्या लाकडात सुरू झाली. खाली खुंट अजून पांढरा. खड्डा बसला, जोड मातीत गेला, वर आठवडाभर पाणी. खुंट चांगला असून उपयोग काय, जो भाग मातीत जायला नको तोच गेला. काळ्या मातीत लावायचेच असेल तर ४५ सेंमी उंचीचा गादीवाफा, आणि खड्डा नाहीच.

बेळगावची २४ ही निरोगी. तीन झाडांच्या जुन्या कापांवर पांढरा लोकरी मावा. हा उसावरचा लोकरी मावा नव्हे, बऱ्याच जणांना तशी भीती वाटते. तो पानाखाली बसणारा वेगळा कीटक, उसावरून सफरचंदावर येत नाही. हा सालीच्या भेगांत बसतो, गाठी करतो. ब्रशने घासून बोर्डो पेस्ट लावली: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. खुंटावर एकही गाठ नाही.

२६ नोव्हेंबर २०२४

यंदा पानकाढणी दोन टप्प्यांत. आज १२ झाडे, १० डिसेंबरला १०, दोन तशीच. पाने नोव्हेंबरपर्यंत हिरवी राहिली, मिरगापासूनच्या फवारण्या कामी आल्या. ऑक्टोबरचा अवेळी फुलोरा एकाही झाडावर नाही. जावाप्रमाणे जूनमध्ये दुसरा बहार धरायचा विचार काढून टाकला: जुलैच्या पावसात फूल उघडणे म्हणजे गेल्या वर्षीचा ऑक्टोबर पुन्हा.

९ मे २०२५

पहिल्या टप्प्याची तोडणी पूर्ण. फुलोरा २४ डिसेंबर, सुमारे १३५ दिवस. झाडामागे सरासरी ३१ फळे, बहुतेक १४० ते १७० ग्रॅम. एप्रिलच्या वळवात गारा नव्हत्या, नशीब.

२७ मे २०२५

दुसरा टप्पा हातचा गेला. ही फळे २० मेनंतर तयार व्हायची, आणि त्याच सुमारास पाऊस लागून राहिला. मान्सूनही यंदा २४ मेलाच केरळात पोहोचला. पिशव्या भिजून फळाला चिकटल्या, देठाच्या खोबणीत पाणी साचून साली तडकल्या, पिशवी फाटली तिथे फळमाशी. दहा झाडांवरून धड फळे जेमतेम शंभर. तडकलेली मुरांब्याला गेली.

फरक फक्त चौदा दिवसांचा. फुलोऱ्यापर्यंत चार आठवडे, पुढे १३५ दिवस. हे गणित मागे मोजले तर १० मेला फळ घरात यायला पाने २७ नोव्हेंबरच्या आत निघायला हवीत. यंदा सगळ्या झाडांना २० ते २५ नोव्हेंबर. त्याआधी नको: परतीचा पाऊस लांबला तर डोळे ओल्यात फुटतील.

७ जून २०२५

तोडणीनंतरचे खत: झाडामागे शेणखत २० किलो, १०:२६:२६ मिश्र खत ४०० ग्रॅम, आळ्यात बुंध्यापासून दोन फूट लांब. सुतळ्या सोडून नव्या फांद्यांना बांधल्या. मॅन्कोझेबची पहिली फवारणी झाली, पुढची २२ ला, उघडीप मिळाली तर. २४ झाडांचे जोड पट्टीने मोजले: सर्वांत खालचा जमिनीपासून ११ सेंमी. त्या झाडाभोवतीची माती ओढून काढली, पाण्याला उताराकडे चर दिला.